माणूस गुणी, पण काम जोगतं हवं

टोंकखुर्द परिसरात नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींसाठी आपल्याच जिल्ह्यातली एक जुनी गोष्ट. 1921 साली देवास संस्थानाच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांनी इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांना काही महिने खासगी सचिव नेमलं. वाट्याला आलं काय, तर बागा, मोटारी, वीजघर! हा फॉर्स्टर यांचा प्रांतच नव्हता. पुढे 1924 मध्ये त्यांचीच ‘अ पॅसेज टू इंडिया’ ही कादंबरी जगभर गाजली.

कोणाला कोणतं काम जोगतं, याची पारख करायला आज साधन आहे. 2013 मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकट आली. ज्ञान, कसब आणि जबाबदारी पाहून तिच्यात कामांच्या पातळ्या ठरतात. शाळा सुटलेला, पण ट्रॅक्टर दुरुस्तीत हात बसलेला मुलगाही पूर्वानुभवाच्या चाचणीतून प्रमाणपत्र मिळवू शकतो. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण गावातलं कसब सहसा कागदावर येतच नाही. पातळी जुळायलाच हवी: झेपणार नाही अशा कामाने माणूस धास्तावतो, फार खालचं काम कंटाळून सुटतं.

असं जोगतं काम शोधायला 2015 मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय करिअर सेवा आहे; तिच्यात नोंदणी मोफत आहे. नाव नोंदवा, आणि शिक्षणाबरोबर हाताला काय येतं तेही नक्की लिहा.