वंशावळीतील अनामिका
(कळंब येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपल्या वंशावळींत पुरुषांच्या सात पिढ्या सापडतात. परंतु त्यांच्या मातांची नावे विचारताच आपण निरुत्तर होतो. विवाहात नाव पालटले की माहेरची ओळखही लोपते. मग तिचा माग कोठे काढावा? सप्टेंबर 1948 पर्यंत आपला तालुका निजामी अमलात होता. त्यामुळे जुने दप्तर बहुधा उर्दूत आहे. वारसाच्या नोंदीत एखाद्या विधवेचे नाव तेथे आढळते. तीर्थोपाध्यायांच्या वह्या, लग्नातील आहेराच्या याद्याही चाळाव्यात. घरातील वृद्धांना मात्र आजच विचारावे. ते दप्तर मिटले की पुन्हा उघडत नाही. 2005 च्या कायद्याने लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत पुत्रासमान वाटा दिला. आपण तिला वंशावळीत निदान एक ओळ द्यावी, ही नम्र विनंती.