कमी गुणांचा खुलासा

आपल्याकडे कायद्याच्या प्रवेशाला सीईटीचे गुण बोलतात. कॉलेजात कधी गुण का घसरले, ते सांगायला अर्जात जागा नसते. शिक्षणात खंड पडला तर नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र केलं की झालं. अमेरिकेत मात्र तशी जागा असते. तिथे आधी कोणत्याही विषयातली पदवी घ्यायची, मग तीन वर्षांचा जेडी अभ्यासक्रम. त्यासाठी एलसॅट नावाची परीक्षा असते, तिचे गुण १२० ते १८० या मापात मिळतात. गुणपत्रिका, शिफारसपत्रं, स्वतःविषयीचं निवेदन हे सगळं द्यायचंच. पण काही उणं असेल तर एक वेगळा कागद जोडता येतो. त्याला अडेंडम म्हणतात. मी खुलासा म्हणतो.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. कायद्याशी संबंध आला तो रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करण्यापुरता. हे सारं कळलं भाचीमुळे. पदवीच्या दुसऱ्या वर्षी तिचे गुण एकदम खाली आले होते. तिने तीन पानी खुलासा लिहून आणला आणि म्हणाली, “मामू, जरा हात फिरवा. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे.”

वादळ, काळोख, किनारा... माझ्या कवितांतलं बरंच सामान तिने उचललं होतं! पण काय घडलं, कधी घडलं, केव्हा संपलं, हे सापडेना. वाचणाऱ्यासमोर अर्जांचा ढीग असतो. त्याला एवढंच हवं असतं की घसरण कशामुळे झाली आणि ते कारण आता उरलं आहे का. तिसऱ्या वर्षी तिचे गुण पुन्हा चढले होते, आणि तेच तिने लिहिलं नव्हतं.

खरी अडचण पुढे होती. वडील गेल्यावर तिच्या आईने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, अंथरूण धरलं. मानसोपचार घ्यावे लागले. घर मुलीने सांभाळलं. बहीण म्हणाली, “भाईजान, मोहल्ल्यात कुणाला सांगितलं नाही, ते परदेशी कागदावर कशाला?” भाचीचं म्हणणं, खरं आहे ते लपवायचं का?

माझ्या मते दोघींचंही बरोबर होतं. अर्जात थेट विचारलेल्या गोष्टी लपवून चालत नाही. कॉलेजातली शिस्तभंगाची कारवाई, पोलिसांतला गुन्हा. तिथे वकिलीची सनद देताना चारित्र्याची चौकशी होते, आणि तेव्हा जुना अर्जही पाहिला जाऊ शकतो. पण आईच्या दुखण्याचं नाव कुणी विचारलेलं नव्हतं. ते दुखणं आईचं. मुलीचं होतं ते घसरलेलं वर्ष.

आम्ही विशेषणं काढली. वडिलांचा मृत्यू, घरातलं गंभीर आजारपण, महिने, दोन्ही वर्षांचे गुण. पाच वाक्यं उरली. भाची हिरमुसली, “हे तर तलाठ्याचा दाखला वाटतो.”

बहिणीने कागद मराठीत सांगायला लावला. ‘आजारपण’ या शब्दाशी तिने मला थांबवलं, तो पुन्हा म्हणायला लावला. मग म्हणाली, “एवढं चालेल.” अर्ज दुसऱ्या दिवशी गेला.