जाळीतले गवत

मंडी हाऊसच्या चौकातून निघून इंडिया गेटकडे जाणारा कोपर्निकस मार्ग हा दिल्लीतील मराठी माणसाच्या पायाखालचा रस्ता. जुने महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे, आणि कचेरी सुटल्यावर घरच्या चवीच्या ओढीने तिकडे वळणाऱ्यांपैकी मीही एक. तीन वर्षांपूर्वी, लग्नसराईच्या दिवसांत, त्या रस्त्यालगतच्या एका झाडाखाली वरातीची पांढरी घोडी बांधलेली दिसली. अंगावर जरीची झूल, कपाळावर मोत्यांची झालर आणि तोंडाला तोबरा. तोबऱ्यातली चंदी पाहता पाहता संपली. वरात निघायला अजून चार तास होते. तेवढा वेळ ती घोडी रिकाम्या तोंडाने उभी राहिली आणि झाडाची साल कुरतडत बसली.

मला थांबवले ते त्या साल कुरतडण्याने. माझ्या आजोबांचा टांगा होता. रात्री ते दोनदा उठत, कंदील घेऊन तबेल्यात जात आणि गव्हाणीत थोडी थोडी वैरण टाकून परत येत. सगळी वैरण संध्याकाळीच का टाकत नाही, असे मी एकदा विचारले होते. “घोड्याचं तोंड रिकामं राहता कामा नये,” एवढेच ते म्हणाले. त्यामागचे शास्त्र त्यांना ठाऊक नव्हते. मलाही ते पुढे वाचूनच कळले.

घोड्याचे शरीर मोठे, पण जठर लहान. त्यात जेमतेम आठ ते पंधरा लिटर मावते. मोकळ्या रानातला घोडा दिवसाचे चौदा-सोळा तास चरत असतो. म्हणून त्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरते, अन्न असो वा नसो. ते शमवणारी लाळ मात्र केवळ चावतानाच सुटते. एक किलो वाळलेले गवत खायला त्याला सुमारे चाळीस मिनिटे लागतात आणि तीनएक हजार वेळा चावावे लागते; एक किलो दाणा तो दहा मिनिटांत फस्त करतो. म्हणजे आपण सोयीसाठी दोन वेळा चंदी चारतो, तेव्हा मधल्या तासांत ते आम्ल जठराच्या अस्तरालाच खाऊ लागते. पुढे व्रण, पोटशूळ, लाकूड चावण्याची खोड. शिवाय घोड्याला ओकारी करता येत नाही. पोटात जे बिघडले ते पोटातच राहते.

हे पुस्तकी ज्ञान मी मिळवले ते त्या घोडीला पोटशूळ उठल्यानंतर. डिसेंबरच्या थंडीत ती सारखी बसत होती, उठत होती, मान वळवून कुशीकडे पाहत होती. मालक तिला लगामाला धरून रस्त्याच्या कडेने येरझाऱ्या घालत होता. वरातीचे पैसे बुडाले होते, पण त्याच्या तोंडी पैशाचा शब्द नव्हता. पहाटे पशुवैद्याच्या औषधाने ती सावरली. वैद्याने सांगितले: दाणा कमी करा आणि गवत सावकाश, सतत मिळेल असे पाहा. पण दिवसभर वरातींमागे धावणाऱ्या त्या माणसाने माझ्या आजोबांसारखे दोनदा उठायचे कधी?

यावरची युक्ती सोपी आहे. गवत बारीक घरांच्या जाळीत भरून टांगायचे, म्हणजे घोड्याला एका वेळी चार-सहा काड्याच ओढता येतात. बाजारात अशा तयार जाळ्या मिळतात. त्यांची घरे बहुधा अडीच ते पाच सेंटिमीटरची, आणि चांगल्या जाळ्या बिनगाठीच्या विणीच्या असतात. काही पेट्यांत गवतावर लोखंडी झडप असते. गवत संपेल तशी ती खाली बसते. तिच्यावर दात घासतात, म्हणून मला ती फारशी रुचत नाही.

मी घरी केलेली पहिली जाळी म्हणजे मुलाच्या फुटबॉलच्या गोलाचे जुने जाळे. तो माझा मूर्खपणा होता. घरे हातभर मोठी, त्यामुळे गवत भसाभस खाली पडले. आणि रिकामे होऊन लोंबणाऱ्या जाळ्यात घोडीची नाल अडकली. ती बिथरली. मालकाने विळ्याने जाळे कापले म्हणून पाय वाचला. नाल मारलेल्या घोड्यासाठी जाळी रिकामी होऊन लोंबली तरी पाय पोचणार नाही, इतकी वर बांधावी लागते. आणि फार वर बांधली तर धूळ डोळ्यांत नि नाकात जाते. दुसऱ्या खेपेस मी प्लॅस्टिकचे पिंप अर्धे कापून घेतले, कड घासून गुळगुळीत केली आणि त्याच्या तोंडावर चार सेंटिमीटर घरांची जाळी ताणून आवळली. पिंप जमिनीवर, घोडी मान खाली घालून, चरताना खाते तशी खाते. एरवी तासा-दीड तासात संपणारे तिचे गवत आता जवळजवळ तीन तास पुरले. पहिले दोन दिवस ती चिडून पिंपाला ढुशा देई, म्हणून शेजारी थोडे मोकळे गवत ठेवावे लागले.

वैरण पुरवून वापरण्याची ही चिंता आपल्याकडे जुनी आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ दळवटण्याच्या छावणीतील अंमलदारांना धाडलेले पत्र प्रसिद्ध आहे. साठवलेला दाणा नि गवत आरंभीच बेहिशेबी उडवले, तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि माणसे रयतेला त्रास देऊ लागतील, असे त्यात बजावले आहे. जळती वात उंदराने नेली तर गवताच्या गंजी पेटतील, इथपर्यंतची काळजी त्यात आहे. आणि दिल्लीहून दोन-अडीच तासांच्या वाटेवर पानिपत आहे. तेथे १७६१ च्या जानेवारीत लढाईला उभे राहण्यापूर्वीच वैरणीवाचून मराठ्यांची घोडी खंगली होती.

परंतु जाळीचे कौतुक एका मर्यादेपर्यंतच. दिल्लीकडे गरिबाचा घोडा खातो तो बहुतांशी गव्हाचा भुसा, आणि भुसा काही जाळीत ठरत नाही, वाळूसारखा गळतो. जाळीला लांब काडीचे गवत हवे, ते महाग. जाळी करायला मला शंभर-दोनशे रुपये लागले, गवताचा खर्च मात्र रोजचा आहे. म्हाताऱ्या, दात गेलेल्या घोड्याला तर जाळी हा छळच. जानेवारीत कर्तव्यपथावरून जाणाऱ्या ६१व्या घोडदळाच्या दिमाखदार घोड्यांकडे पाहताना मला हटकून त्यांच्या वैरणीचा हेवा वाटतो, माझ्या नव्हे, त्या घोडीवाल्याच्या वतीने.

त्याने मध्यम मार्ग काढला आहे. भुसा घरी, रात्री. वरातीच्या दिवशी मात्र एक पेंढी गवताची, पिंपात. हल्ली तो पिंप हातगाडीवर घालून आणतो, त्यावर झूल पसरून ठेवतो, म्हणजे वऱ्हाडी मंडळी नाक मुरडत नाहीत. गेल्या आठवड्यात त्याने मला आणखी एक जाळी मागितली. त्याच्या भावाची घोडी अधाशी आहे, घरे तीन सेंटिमीटरची करा, म्हणाला. दोरी आणली आहे; रविवारी बसणार आहे.