हवा कुणाच्या बापाची?

(धुळ्यात तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



१९९३ साली हिरो कपची सेमीफायनल मी जळगावात एका शेटजीच्या खिडकीबाहेर उभं राहून बघितली. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला ६ धावा पाहिजे होत्या. तेंडुलकरनं ३ दिल्या. आम्ही बोंबललो, अन् आतून खिडकी धाडकन बंद झाली. सामना सगळ्यांचा, खिडकी शेटजीची!

त्याच स्पर्धेवरून कोर्टात जुंपली होती. बंगालच्या क्रिकेट संघटनेनं प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला दिले. सरकार म्हणालं, १८८५ च्या तार कायद्यानं प्रक्षेपण ही आमची मक्तेदारी. ९ फेब्रुवारी १९९५ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. लहरी ही जनतेची मालमत्ता, असं कोर्ट म्हणालं. त्यावर सरकारची मक्तेदारी नको, तशी भांडवलदाराचीही नको.

पाणी सार्वजनिक आहे हे १९२७ ला महाडात सांगावं लागलं. हवा सार्वजनिक आहे हे १९९५ ला दिल्लीत.

पण तळं मोकळं झालं म्हणून पाणी मिळतं का? २०२२ च्या लिलावात आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. त्यातला किती पैसा धुळ्या-जळगावच्या मैदानावर उतरला, ते तुम्हीच बघा.

आणि हिशेब विचारायला जावं, तर २००५ ला सुप्रीम कोर्टाच्या पाचांपैकी तीन न्यायमूर्ती म्हणाले, क्रिकेट बोर्ड हे 'राज्य' नाही. म्हणजे संघ देशाचा, झेंडा देशाचा, अन् मूलभूत हक्कांचा प्रश्न आला की बोर्ड खाजगी! २२ जानेवारी २०१५ ला मात्र कोर्टानं स्पष्ट केलं, बोर्डाचं काम सार्वजनिक आहे, कलम २२६ खाली हायकोर्टात त्याला जाब विचारता येतो.

हे आपल्या कामाचं आहे. पळवणकर बाळूनं १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाची कप्तानी त्याला कधीच मिळाली नाही. जात आडवी आली. तेव्हा दाद मागायला दार नव्हतं. आज आहे. आपल्या खान्देशासाठी ते औरंगाबाद खंडपीठात आहे.

तेव्हा पोरांनो, निवड चाचणीतून वगळलं तर घरी येऊन रडू नका. निवड कोणी केली, कुठल्या नियमानं केली, लेखी विचारा. अर्जाची पोच घ्या. उत्तर नाही आलं तर चार जण मिळून वकील गाठा.

खिडकीबाहेर लई उभं राहिलो. आता दार वाजवायचं!