संयुक्ताधिकरण आणि अमेरिकेतील बंदुकीचा वाद
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



शिकागो हे नाव आपल्या समाजाला परके नाही. १८९३ साली तेथील सर्वधर्म परिषदेत वीरचंद राघवजी गांधी यांनी जैन दर्शनाचा परिचय पाश्चात्त्यांना करून दिला. त्याच्या आदल्या वर्षी त्याच नगरीतील विद्यापीठात समाजशास्त्राचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला होता. आज ज्या वादाविषयी बोलावयाचे आहे, त्यातील एक प्रमुख खटलाही शिकागोचाच आहे.

ओटिस मॅकडोनाल्ड हे तेथील एक निवृत्त कृष्णवर्णीय गृहस्थ. त्यांचे घर अनेकदा फोडले गेले होते. लांब नळीच्या बंदुका त्यांच्याजवळ होत्या. परंतु उशाशी ठेवता येईल असे पिस्तूल १९८२ च्या नगर-कायद्यामुळे घेता येत नव्हते. त्यांनी दाद मागितली आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. गुलामगिरी संपल्यानंतर दक्षिणेकडील काही राज्यांनी मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना शस्त्रबंदी केली होती, हा इतिहासही त्या निकालपत्रात आला आहे. आपणांस जे केवळ मारण्याचे साधन दिसते, ते तेथे नागरिकत्वाचे चिन्हही ठरते. हे न जाणता अमेरिकन माणसाला हिंसक ठरवून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते.

बळाच्या वैध वापराचा एकाधिकार स्वतःकडे राखते ती राज्यसंस्था, असे मॅक्स वेबर यांनी १९१९ च्या आपल्या व्याख्यानात प्रतिपादिले. अमेरिकेत १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीपासून या एकाधिकाराला एक खिडकी उघडी राहिली आहे. पोलीस येईपर्यंत मी काय करावे, हा मॅकडोनाल्ड यांचा प्रश्न त्या खिडकीतून आलेला आहे.

मात्र भय नेहमी वस्तुस्थितीच्या प्रमाणात असतेच असे नाही. विल्यम व डोरोथी थॉमस यांनी १९२८ साली दाखवून दिले, की माणसे एखादी परिस्थिती खरी मानू लागली की तिचे परिणाम खरोखरच घडतात. १९९० च्या दशकाच्या आरंभानंतर अमेरिकेतील हिंसक गुन्हे बरेच घटले. तरीही बंदूक बाळगण्याचे मुख्य कारण म्हणून संरक्षणाचा उल्लेख करणारे बंदूकधारक १९९९ साली २६ टक्के होते, ते २०१३ साली ४८ टक्के झाले. शिकारीचे कारण सांगणारे ४९ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर आले.

आणि ती बंदूक कोणावर चालते? सँडी हूक येथे २०१२ साली वीस बालके गेली, युवाल्डी येथे २०२२ साली एकोणीस. ही नावे जगाला ठाऊक झाली. परंतु २०२१ या एका वर्षात अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या आणि २०,९५८ हत्या. चोरासाठी आणलेले शस्त्र घरातल्याच खचलेल्या माणसाच्या हाती लागते. आत्महत्या ही केवळ व्यक्तीच्या मनाची नव्हे, समाजाच्या घडणीचीही बाब आहे, हे एमिल दुर्खीम यांनी १८९७ सालीच मांडले होते. निराशेची लाट अनेकदा अल्पकाळाची असते. पण बंदुकीने केलेला प्रयत्न दहापैकी सुमारे नऊ वेळा प्राण घेतो. पश्चात्तापाला अवधीच उरत नाही.

बंदूक मारीत नाही, माणूस मारतो, असे तेथील शस्त्रसमर्थक सांगतात. हे वाक्य आपण हसण्यावारी नेऊ नये. कारण वरवर पाहता ते आपल्याच बाजूचे आहे. तत्त्वार्थसूत्रातील हिंसेच्या व्याख्येतही प्रमत्त मन आधी येते, प्राणहरण नंतर. परंतु आपले आचार्य तेथे थांबले नाहीत. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात हिंसेची साधने दुसऱ्यास देणे हा अनर्थदंड मानला. श्वेतांबर परंपरेने तर त्या व्रताच्या अतिचारांत ‘संयुक्ताधिकरण’ गणले : उखळाशी मुसळ, नांगराशी फाळ, धनुष्याशी बाण जोडून तयार ठेवणे. ज्याने बाण सोडलाच नाही, त्याच्याही खात्यावर हा दोष मांडला जातो.

आता योगायोग पाहा. राजधानी वॉशिंग्टनमध्ये १९७० च्या दशकापासून असा नियम होता, की घरातील बंदूक गोळ्या काढून व सुटी करून ठेवावी, अथवा तिच्या घोड्याला कुलूप असावे. संयुक्ताधिकरणाचा निषेधच, म्हणा ना! ज्यांनी तो केला त्यांना आपल्या ग्रंथांची वार्ताही नसावी. २००८ साली हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. सुटी केलेली बंदूक स्वसंरक्षणाच्या क्षणी निरुपयोगी ठरते, हे कारण देऊन.

मॅकडोनाल्ड २०१४ साली निवर्तले. ते हयात असते आणि भेटले असते, तर शस्त्र टाका, असे मी त्यांना सांगू शकलो नसतो. विरोधी हिंसेचा सर्वथा त्याग गृहस्थाला सांगितलेला नाही. पिस्तूल एका कपाटात आणि गोळ्या दुसऱ्यात ठेवा, घरात लेकरे येत-जात असतात, एवढे मात्र अवश्य सांगितले असते. त्यावर त्यांनी विचारले असते, रात्री दोन वाजता दार फुटले तर किल्ली कोठे शोधू? त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही. ते शिकागोच्या पोलीस ठाण्याजवळ असावयास हवे होते.