न भरणारी जखम : त्वचेचा कर्करोग व त्यावरील शस्त्रक्रिया

(ज्ञातिमंडळाच्या नंदुरबार येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या संमेलनात गुणी विद्यार्थ्यांचे सत्कार व्हावेत, हिशेब मंजूर व्हावेत, वधूवरांच्या याद्या वाचल्या जाव्यात, ही चालत आलेली रीत आहे. अशा मंगल प्रसंगी रोगाची आणि शस्त्राची भाषा काढणे कित्येकांस अप्रशस्त वाटेल. तथापि चिटणीसांनी भाषणाचा विषय विचारला तेव्हा आम्ही हाच सांगितला. त्यास कारण आमच्याच घरात घडलेली एक गोष्ट आहे. ती आधी सांगतो, म्हणजे पुढील विवेचन कोरडे वाटणार नाही.

आमच्या वडिलांच्या थोरल्या भगिनी, म्हणजे आमच्या फुई, शहादे तालुक्यात तापीकाठच्या एका खेड्यात नांदत होत्या. अंगावर जन्मभर नऊवारी लुगडे आणि हाताला जन्मभर शेतीचे काम. कापूस वेचताना, मिरची तोडताना दिवसभर वाकावे लागे. लुगड्याची गाठ सुटू नये म्हणून ती घट्ट आवळण्याची सवय पडलेली. गाठ जेथे बसे तेथे, उजव्या कुशीवर, कातडी प्रथम काळवंडली, मग तिचा रंग उडाला, मग ती जाड आणि खरखरीत झाली, आणि एके दिवशी फुटली. हळद लावून झाली, तेल लावून झाले, कोणी सांगितलेला पाला लावून झाला. दोन वर्षे गेली. या दोन वर्षांत आम्ही अनेकदा त्यांच्या घरी उतरलो, त्यांच्या हातची कळण्याची भाकर खाल्ली, त्यांचा रक्तदाब मोजला, गुडघ्यांची विचारपूस केली. कमरेविषयी त्या बोलल्या नाहीत आणि आम्ही विचारले नाही. लुगड्याला लागणारी लस व तिचा वास सुनेच्या ध्यानात आला, तेव्हा जांघेत सुपारीएवढी गाठ उभी राहिली होती. ‘‘फुई, आम्हांला का सांगितले नाही?’’ असे विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘तू डाक्टर व्हयना तरी मना भाऊनाच पोर्‍या शेस, तुले कसं दखाडू?’’

या उत्तरापुढे आमची सारी विद्या मुकी झाली. शस्त्रक्रिया झाली. कुशीवरील तळहाताएवढी कातडी काढावी लागली, तेथे मांडीची त्वचा लावावी लागली, जांघेतील ग्रंथीही काढाव्या लागल्या. त्यानंतर त्यांचा पाय कायमचा सुजला, आणि दोन वर्षांनी त्याच रोगाने त्या गेल्या. पहिल्या सहा महिन्यांत त्या आल्या असत्या, तर बोटभर लांबीच्या टाक्यांवर काम भागण्याचा पुष्कळ संभव होता. दोष कोणाचा, असे कोणी विचारील, तर त्यातील मोठा वाटा आमचा आहे. म्हणूनच आज बोलतो आहोत.

त्वचेचा कर्करोग हा गोऱ्या लोकांचा रोग, अशी आपल्याकडे समजूत आहे, आणि ती अगदीच निराधार नाही. उन्हातील अतिनील किरणांपासून सावळ्या कातडीचे तिच्यातील रंगद्रव्य पुष्कळ रक्षण करते. त्यामुळे युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील मानाने हा रोग आपल्याकडे विरळ आहे. परंतु विरळ असल्यामुळेच त्याची शंका येत नाही, आणि शंका न आल्यामुळे रोगी उशिरा येतो. शिवाय ऊन हे या रोगाचे एकमेव कारण नव्हे. जी कातडी वर्षानुवर्षे घासली जाते, भाजून आकसलेली असते किंवा न भरलेल्या जखमेने सतत ओली राहते, तिच्यातील पेशी पुनःपुन्हा नव्याने घडताना कधी तरी ताळतंत्र सोडतात.

ही गोष्ट जगापुढे मांडण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 च्या फेब्रुवारीत सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख, विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर, यांनी डॉ. सूर्याबाई यांच्यासह 1945 साली एक निबंध प्रसिद्ध केला. लोकांच्या राहणीतील चालीरीतींशी कर्करोगाचा संबंध कसा पोचतो, हा त्याचा विषय होता. त्यात कमरेला घट्ट आवळलेल्या धोतरामुळे कातडीस होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन आहे. पुढे लुगड्या-साडीमुळे स्त्रियांनाही तोच रोग झाल्याचे वैद्यकीय नियतकालिकांतून नमूद झाले. 2024 साली वर्धा आणि बिहार येथील डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या ब्रिटिश नियतकालिकात अशा दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत दिली. एकीची जखम दीड वर्ष वाहत होती. दुसरीची दोन वर्षे, आणि तिचा रोग जांघेतील ग्रंथीपर्यंत गेला होता. दोष साडीचा नसून कमरेवर रुतणाऱ्या आवळणीचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो वाचताना आमच्या डोळ्यांपुढे फुईंचे लुगडे उभे राहिले.

आता शस्त्रक्रियेविषयी. प्रथम त्या जखमेच्या कडेचा लहानसा तुकडा, जागा बधिर करून, तपासणीसाठी काढतात. येथेच पुष्कळांचे पाऊल अडते. ‘लोखंड लागले की कॅन्सर पसरतो,’ हे वाक्य आम्ही खानदेशात इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचे आता आश्चर्य वाटत नाही. त्वचेच्या कर्करोगाबाबत ही भीती व्यर्थ आहे. रोग पसरतो तो गेलेल्या वेळामुळे. तुकड्याच्या तपासणीवाचून रोग कोणत्या जातीचा, हे कळत नाही, आणि ते कळल्यावाचून किती कापावे हे ठरत नाही.

या जाती मुख्यतः तीन. पहिली त्वचेच्या तळच्या थरातून उगवते. ती बहुधा चेहऱ्यावर येते, सावकाश वाढते, क्वचितच दूर जाते, पण दुर्लक्ष केल्यास नाक-डोळा पोखरते. दुसरी वरच्या थरातील चपट्या पेशींची. कमरेवरील किंवा जुन्या व्रणातील कर्करोग बहुधा हाच, आणि तो ग्रंथींत उतरू शकतो. तिसरी रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशींची. ती तिघींत अतिशय घातक. आपल्या लोकांत ती पुष्कळदा तळपायाला किंवा नखाखाली काळ्या डागाच्या रूपाने दिसते, आणि अनवाणी चालणारा मनुष्य तिला काटा मोडल्याची खूण समजतो.

शस्त्रक्रियेचे तत्त्व सोपे आहे. शेतातील हरळी उपटताना वरची पाती खुडून भागत नाही. भोवतालची माती मोकळी करून मुळी काढावी लागते. त्याप्रमाणे शल्यविशारद रोगाभोवतीची थोडी निरोगी कातडीही सोबत काढतो. लहान व कमी धोक्याच्या रोगास 4 ते 6 मिलिमीटरची कड पुरते. मोठ्या व खोल रोगास 1 सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक लागते. काढलेल्या भागाच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. कडेपर्यंत रोग दिसला तर आणखी काढतात. अमेरिकेत फ्रेडरिक मोज या शल्यविशारदाने 1930 नंतरच्या दशकात एक अधिक काटेकोर पद्धत बसविली : एकेक पातळ थर काढावयाचा, त्याचा नकाशा करावयाचा, संपूर्ण कड तपासावयाची, आणि जेथे रोग शिल्लक दिसेल तेथेच पुन्हा कापावयाचे. नाक, पापणी, ओठ अशा जागी, जेथे चिमूटभर कातडीही मोलाची, तेथे ही पद्धत फार उपयोगी पडते.

उरलेली जागा लहान असेल तर टाके घालून मिटते. मोठी असेल तर मांडीवरील पातळ त्वचा तेथे लावतात, किंवा शेजारचीच कातडी रक्तवाहिन्यांसह फिरवून आणतात. ही दुसरी युक्ती परदेशातून आली, असे कोणी समजू नये. 1792 च्या लढाईत टिपूच्या लोकांनी कावसजी नावाच्या, इंग्रजी फौजेतील एका बैलगाडीवानाचे नाक कापले होते. पुण्याजवळच्या एका कारागीर वैद्याने मेणाचा साचा करून, कपाळावरील कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. त्याची हकीकत चित्रासह लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये 1794 च्या ऑक्टोबरात छापली गेली. ती वाचून तेथील जोसेफ कार्प्यू यांनी 1814 साली तसाच प्रयोग केला, आणि आज कर्करोगामुळे नाक गमावलेल्या रोग्यासाठी जगभर तीच कपाळाची कातडी कामी येते. तो वैद्य वीटकाम करणाऱ्या जातीचा होता, असे त्या वृत्तांतात लिहिले आहे. आपल्या ज्ञातिसभेत ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. कसब कोणाच्या हातात असते आणि त्याचे ऋण कोण फेडते, याला कुळाचे बंधन नाही.

आता आपण काय करावे? जखम, फोड किंवा खपली चार ते सहा आठवड्यांत भरली नाही, तिच्या कडा उंच व कठीण झाल्या, तिला हात लागताच रक्त आले, तर ती दाखवावी. लहानपणी चुलीवर भाजल्याचा व्रण वर्षांनी फुटू लागला तरी दाखवावी. अशा व्रणावर उठणाऱ्या जखमांचे वर्णन फ्रान्सच्या मार्जोलँ यांनी 1828 मध्येच केले असून त्यांतून कर्करोग उद्भवतो, हे आता सर्वमान्य आहे. तळपायाचा काळा डाग पसरत असेल तर एक दिवसही थांबू नये. अशा जागी डाग देणे किंवा जहाल लेप लावणे सर्वथा टाळावे. कमरेसाठी उपाय साधे आहेत. परकराचा नाडा बारीक दोरीचा नसावा, रुंद पट्टीचा असावा. गाठीची जागा बदलत राहावी. घरी आल्यावर आवळण सैल करावी. घामेजलेली कातडी धुऊन कोरडी करावी. तेथील रंग बदलला तर त्यास क्षुल्लक मानू नये.

उपचारासाठी पूर्वीप्रमाणे थेट मुंबई गाठण्याचीच वेळ प्रत्येकावर येत नाही. 1998 साली आपला जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला आणि 2020 पासून नंदुरबारास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. निदान पहिली तपासणी तेथे करून घ्यावी. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. सबब पैशासाठी शेत गहाण टाकण्यापूर्वी योजनेतील रुग्णालयात चौकशी करावी.

मंडळापाशी आमचे मागणे थोडकेच आहे. दरवर्षी हळदीकुंकवाच्या दिवशी एखाद्या स्त्री-डॉक्टरांस सन्मानाने बोलवावे आणि आतल्या खोलीत, पडद्याआड, प्रत्येक वडीलधाऱ्या स्त्रीची कमर व तळपाय पाहून घ्यावेत. सासूने सुनेस आणि सुनेने सासूस विचारावे. आपल्या शेतात राबणाऱ्या भिल्ल आणि पावरा बायांनाही त्या दिवशी बोलवावे. त्यांच्या कमरेची गाठ आपल्या घरातील गाठीपेक्षा वेगळी नाही, आणि धडगावच्या डोंगरातून दवाखाना गाठणे त्यांस आपल्याहून कठीण आहे.

मर्यादा हे आपल्या घरांचे भूषण आहे; ती सुटावी, असे आम्ही म्हणत नाही. परंतु ती पाळता पाळता कोणाचा जीव जाऊ नये, इतकी काळजी घरातील धाकट्यांनी घ्यावयास हवी. फुई सांगू शकल्या नाहीत. आम्ही विचारावयास हवे होते. आज येथून घरी गेल्यावर आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या घरातील एका वडीलधाऱ्या स्त्रीला, योग्य त्या माणसाकरवी, एवढे विचारावे, ही नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.