ऊर्जेची काटकसर कोणी करावयाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित गोषवारा)



ऊर्जासाधनांचे दोन वर्ग आपण शाळेपासून पाठ करीत आलो आहोत. कोळसा, खनिज तेल, नैसर्गिक वायू आणि युरेनियम ही संपणारी साधने. सूर्य, वारा, वाहते पाणी आणि शेणापासून मिळणारा वायू ही न संपणारी. ही विभागणी शास्त्रदृष्ट्या बरोबर आहे. परंतु समाजपरिवर्तनाची आकांक्षा बाळगणाऱ्याला तेवढ्यावर थांबता येणार नाही. ही ऊर्जा कोणाच्या भूमीतून निघते आणि कोणाच्या घरी जाते, हे दोन प्रश्न त्याने विचारलेच पाहिजेत. ‘काटकसर करा’ हा उपदेश नेमका कोणाला करावयाचा, हेही त्यांच्या उत्तरावरूनच ठरते.

प्रथम संपणाऱ्या साधनांकडे पाहू. चंद्रपूरचा कोळसा ज्या खडकांत सापडतो त्यांना भूशास्त्रज्ञ ‘गोंडवन’ म्हणतात. गोंडांच्या भूमीवरूनच ते नाव पडले. हा कोळसा घडून २५ कोटींहून अधिक वर्षे लोटली आहेत. तो आपण चार-दोन पिढ्यांत जाळावयास निघालो आहोत, आणि तोही कसा? वीजकेंद्रात त्याच्या उष्णतेपैकी जेमतेम एक-तृतीयांश विजेत उतरते. बाकीची धुराड्यातून आणि थंड करणाऱ्या पाण्यातून निघून जाते. एका युनिटासाठी सुमारे ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. ती वीज पुढे शेकडो मैल वाहून नेताना आणखी गळते. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंतची उच्चदाब वाहिनी ७५० किलोमीटरांची आहे. तिच्या एका टोकाला राख आणि धूर, दुसऱ्या टोकाला दिवे, अशी ही वाटणी आहे.

यातून एक साधे गणित निघते. वापराच्या ठिकाणी एक युनिट वाचले की खाणीपाशी तीन युनिटांहून अधिक उष्णतेचे इंधन वाचते. ६० वॅटचा जुना बल्ब काढून ९ वॅटचा एलईडी दिवा लावला आणि तो रोज पाच तास जळला, तर वर्षाला सुमारे ९३ युनिटे, म्हणजे ६० किलोंच्या आसपास कोळसा वाचतो. उजेड मात्र कमी होत नाही. म्हणून काटकसर म्हणजे अंधारात बसणे नव्हे. तेच काम कमी इंधनात करून घेणे, हा तिचा खरा अर्थ आहे.

आता न संपणाऱ्या साधनांविषयी. २०२५ साली देशाच्या एकूण वीजनिर्मितीक्षमतेत बिगर-जीवाश्म साधनांचा वाटा निम्म्यावर पोहोचला. ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु क्षमता निराळी आणि प्रत्यक्ष निर्मिती निराळी. सूर्य रात्री नसतो आणि वारा आपल्या सोयीने वाहत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष निर्मितीत कोळशाचा वाटा अद्याप दोन-तृतीयांशाहून अधिक आहे.

शिवाय सूर्य आणि पाणी अक्षय असले, तरी ज्या जमिनीवर त्यांची यंत्रे उभी राहतात ती जमीन अक्षय नाही. हा धडा महाराष्ट्राला फार पूर्वीच मिळालेला आहे. १९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, तो टाटांच्या जलविद्युत धरणाविरुद्ध. ती वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. बुडणारी भातखाचरे मात्र मावळ्यांची होती. कोयनेने १९६० च्या दशकापासून महाराष्ट्र उजळला, पण अर्धशतक उलटल्यावरही तिच्या धरणग्रस्तांना पुनर्वसनासाठी आंदोलने करावी लागली. आणि २०१८ च्या जानेवारीत धुळे जिल्ह्यातील विखरणच्या एका वृद्ध शेतकऱ्याने, वीजप्रकल्पासाठी घेतलेल्या जमिनीचा रास्त मोबदला मिळत नाही म्हणून, मंत्रालयात विष घेतले आणि प्राण सोडले. इंधन कोणतेही असो, अन्याय करण्याची पद्धत बदलली नाही, तर केवळ साधन बदलून न्याय प्रस्थापित होत नाही.

मग काटकसर कोणी करावयाची? भारतात वर्षाला दरडोई सुमारे १४०० युनिटे वीज वापरली जाते. जगाच्या सरासरीच्या ती निम्म्याहूनही कमी आहे. शिवाय ही सरासरीही फसवी आहे. वातानुकूलित मॉल आणि एका दिव्याची झोपडी यांची बेरीज करून काढलेली ती सरासरी आहे. २००५ नंतरची काही वर्षे आठवा. खेड्यांत बारा-बारा तास भारनियमन चाले आणि मुंबई त्यातून बहुतांशी वगळलेली असे. ती काटकसर नव्हती. ती दुर्बळांवर लादलेली उपासमार होती. ज्याच्या ताटात मुळात अर्धीच भाकरी आहे, त्याला मिताहाराचे महत्त्व सांगणे हा उद्धटपणा होय. बचतीचा पहिला हिशेब मोठी कार्यालये, कारखाने, जाहिरातींचे झगमगते फलक आणि चैनीच्या इमारती यांच्याकडून मागितला पाहिजे.

तथापि आपल्याच माणसांशीही मोकळेपणाने बोलावे लागेल. शेतीपंपाचेच उदाहरण घ्या. आपल्याकडे एका आठवड्यात दिवसा आठ तास, तर दुसऱ्या आठवड्यात रात्री दहा तास वीज, अशी पाळी वर्षानुवर्षे चालली. थंडीत, सापाकिरड्याच्या भीतीत दारे धरण्यापेक्षा शेतकरी पंपाला ऑटो-स्विच लावतो. वीज येताच गावचे सारे पंप एकदम सुरू होतात. कपॅसिटर कोणीच बसविलेला नसतो. रोहित्र जळते आणि आठ-आठ दिवस पीक वाळते. हा दोष केवळ शेतकऱ्याचा नव्हे, अवेळी वीज देणाऱ्या व्यवस्थेचा तो आधी आहे. पण कपॅसिटर बसविण्यासाठी कोणत्याही क्रांतीची वाट पाहावी लागत नाही.

२०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देण्यात आली. कोरडवाहू शेतकऱ्याला दिलासा मिळावा, याविषयी दुमत नाही. परंतु केवळ ‘मोफत वीज द्या’ एवढी मागणी करून थांबणे आपल्याला शोभणारे नाही, हे काहींना रुचले नाही तरी सांगितले पाहिजे. ज्याच्या विहिरीला पाणीच नाही, त्याला मोफत विजेचा उपयोग काय? ऊसवाल्याला मात्र तिचा लाभ अधिक. सौरपंपाचेही तसेच आहे. ऊन दिवसा असते आणि पाणीही दिवसाच हवे असते. म्हणून शेती आणि सूर्य यांची जोडी स्वाभाविक आहे, आणि रात्रीच्या जाचातून सुटण्याचा तो उत्तम मार्ग आहे. पण बिल येत नाही म्हणून पंप दिवसभर चालू राहिला, तर न संपणाऱ्या उन्हाच्या बळावर आपण संपणारे भूजल उपसून टाकू. म्हणून सौरपंपाबरोबर ठिबक सिंचन, पिकांची शहाणी निवड आणि पाण्याच्या उपशावर गावाचे नियंत्रण, या तिन्ही गोष्टी आल्याच पाहिजेत.

तेव्हा येथून परतल्यावर प्रत्येकाने आपल्या गावापुरते काम हाती घ्यावे. किती रोहित्रे आहेत, वर्षात किती वेळा जळाली, किती पंपांना कपॅसिटर आहेत, रस्त्यावरचे किती दिवे भर दिवसा जळत असतात, किती घरांत सिलिंडर असूनही पैशांअभावी चूल पेटते, याची वही तयार करावी. ती ग्रामसभेत वाचून दाखवावी. सौर वा पवन प्रकल्पासाठी जमीन मागितली गेली, तर ती विकत न घेता भाड्याने घ्यावी, भाडे महागाईबरोबर वाढावे आणि विजेचा पहिला हक्क त्या गावाचा असावा, असा ठराव आधीच करून ठेवावा. जमीन गेल्यावर केलेला ठराव पाण्यात बुडालेल्या शेताच्या सातबाऱ्यासारखा असतो. मुळशीला शंभर वर्षे होऊन गेली. निदान आता तरी ठराव आधी व्हावा.